दाबाची कॉफी

निझामाबादच्या एका वाचकभगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांचे चिरंजीव शिक्षणासाठी पुण्यास गेले आणि सुट्टीत परत आले ते एस्प्रेसोची गोडी लावून घेऊनच. आता घरची जायफळ घातलेली कॉफी त्यांना रुचत नाही, आणि यंत्राच्या किमती ऐकून बाईंनी हाय खाल्ली आहे. "आपण या सदरात शुद्धलेखनावर लिहिता, मुलांच्या परीक्षांवर लिहिता, एकदा थोडक्या पैशांत घरी एस्प्रेसो कशी करावी तेही लिहा," अशी त्यांची सूचना आहे. पत्राच्या शेवटी 'विनोदाने घेऊ नये' हे शब्द अधोरेखित केलेले आहेत.

विनोदाने मुळीच घेतले नाही. हाच प्रश्न गेले चार महिने आमच्या जामबागेतील घरात ठाण मांडून बसला असून, त्याचे उत्तर शोधण्याच्या भरात स्वयंपाकघराच्या एका भिंतीला नव्याने रंग द्यावा लागला आहे. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा अधिकार, थोडा का होईना, मला प्राप्त झाला आहे असे समजतो.

माझ्या पिढीच्या हैदराबादकर मराठी माणसाची आणि या पेयाची पहिली भेट लग्नाच्या मांडवात झाली. शब्दही 'एक्स्प्रेसो' असाच कानी आला. आगगाडीच्या एक्स्प्रेसशी त्याचे काही नाते असावे असे मला कितीतरी वर्षे वाटत असे. पंक्ती उठल्या की मांडवाच्या कोपऱ्यात एक चकचकीत उभे पिंप फुसफुसू लागे. त्याला तबकडी, तोट्या आणि खाली वाकलेली एक नळी. आचाऱ्याचा मुलगा दूध, साखर आणि कॉफीची पूड एका मगात घेऊन त्या नळीखाली धरी. वाफेचा सूत्कार होई, दूध फेसाळत वर येई आणि त्यावर तो चॉकलेटची पूड भुरभुरवी. आम्ही मुले कॉफीसाठी नव्हे, त्या आवाजासाठी रांगेत उभी राहत असू. ओठांवर उमटलेली फेसाची मिशी पुसायची नाही, असा आमच्यात अलिखित नियम होता.

आता त्या पिंपाला उणे बोलवत नाही, पण खरे सांगायचे तर त्यात एस्प्रेसो नव्हती. वाफ होती, ती दुधाला मिळत होती. कॉफीला तिचा स्पर्शच नव्हता. इटालियन भाषेतील त्या शब्दात 'दाबून बाहेर काढलेली' आणि 'खास तुमच्यासाठी, तत्काळ केलेली' अशा दोन्ही छटा आहेत. तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो याने १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ मध्ये एकेक पेला काढून देणारे यंत्र सिद्ध केले. परंतु ज्या सोनेरी सायीसाठी आजची तरुण मंडळी वेडी होतात, ती दुसऱ्या महायुद्धानंतर आकिल्ले गाज्जिया याच्या तरफेच्या यंत्रांनी लोकांपर्यंत आणली. वाफेऐवजी दट्ट्याने पाणी रेटू लागल्यावर दाब कितीतरी वाढला आणि पुडीतील तेले व वायू पाण्यात मिसळून वर फेस धरू लागले.

जुने प्रमाण असे : सात ग्रॅम बारीक पूड, नव्वद ते पंच्याण्णव अंश उष्ण पाणी, वातावरणाच्या नऊपट दाब, पंचवीस-तीस सेकंद आणि निघते किती, तर सुमारे तीस मिलिलिटर. म्हणजे आपल्या पळीपंचपात्रातील पंचपात्रही भरणार नाही. यात अवघड आणि महाग गोष्ट एकच, ती म्हणजे दाब. पंप, त्याला पुरून उरणारे तापते भांडे आणि पूड अगदी सारखी बारीक दळणारी चक्की, यांचेच सारे पैसे असतात. बरे यंत्र आणि बरी चक्की घ्यावयाची तर शिक्षकाच्या घरातील एखादे लग्नकार्य पुढे ढकलावे लागेल.

आमच्या घरी हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. जे पुढे लिहीत आहे ते माझ्या कन्येची परवानगी घेऊन लिहीत आहे. तिने मजकूर वाचला असून एके ठिकाणी काटही मारली आहे.

मराठी ग्रंथसंग्रहालयातून तिने आणलेली एक कादंबरी परत करावयाची होती. ते काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. पुस्तक देण्यापूर्वी पाने चाळून पाहण्याची मला शाळेमुळे सवय आहे. मुले पुस्तकात काय काय विसरतात त्याची यादी केली तर त्यावर स्वतंत्र लेख होईल. तर या कादंबरीतून खुणेसाठी घातलेल्या सहा पावत्या निघाल्या. माधापूरच्या एका कॉफीगृहाच्या. तीन दिवसांच्या, रोज दोन, आणि प्रत्येक पावती २२० रुपयांची. मी जागच्या जागी हिशेब केला. रोजचे ४४०, कामाचे बावीस दिवस, महिना ९,६८० रुपये. ज्या घरात आजही दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवतात, त्या घरातील मुलगी दहा हजारांची कॉफी पिते!

संध्याकाळी ती मेट्रोने परत आली तेव्हा मी तिच्यापुढे तो हिशेब ठेवला. आवाज चढविला नाही; मुख्याध्यापकाला आवाज न चढविताही बोलता येते आणि ते अधिक लागते. "पगार तुझा आहे, पण कष्टाचा आहे," असे काहीसे म्हणालो. ती म्हणाली, "बरं बाबा, सोडते." इतकेच. मला मात्र आपण फार कठोर झालो असे वाटून गेले आणि भरपाई म्हणून मी जाहीर केले की, तुझी ती कॉफी मी घरीच करून देईन, सकाळी निघण्यापूर्वी, आणि वीस रुपयांच्या आत!

त्या पावत्यांवर वेळाही छापलेल्या होत्या. सकाळचे पावणेदहा आणि दुपारचे तीन. मी रकमा वाचल्या, वेळा वाचल्या नाहीत.

प्रथम मी घरातील फिल्टर काढला. आमच्या घराच्या एका अंगाला तेलुगू बिऱ्हाड, दुसऱ्या अंगाला कानडी. त्यामुळे दोन मजल्यांचा तो पोलादी डबा आमच्याकडे आईच्या काळापासून आहे. वरच्या मजल्यात चार-पाच चमचे पूड, तिच्यावर छत्रीसारखी चकती, वर उकळते पाणी. पंधरा-वीस मिनिटांत खाली काळेभोर डिकॉक्शन जमते. त्याला दाब नाही, पृथ्वीचे आकर्षण तेवढे आहे, आणि ते फुकट आहे. वाचकभगिनींना मी प्रामाणिकपणे सांगेन, की चिरंजीवांना दूध घातलेलीच कॉफी हवी असेल तर शोध येथेच थांबवावा. पूड मात्र चिकोरीविरहित घ्यावी. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी. गुजरातेत तिचे मोठे पीक निघते. मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते आणि तिचे प्रमाण वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती अक्षरे बारीक असतात. चष्मा लावून वाचावीत. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो, स्वस्तही पडते. पण ज्याला एस्प्रेसोचा कडवट सुगंध हवा त्याला ती फसविते. आमची आजी कॉफीच्या बियांना 'बुंद' म्हणे आणि ते घरीच भाजी. तिच्या कॉफीत मुळी-बिळी काही नसे.

आणखी एक प्रकार आहे, तो तरुण मुले करतात. झटपट कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी कपात घेऊन पांढुरके होईपर्यंत फेटायचे व वर गरम दूध ओतायचे. लग्नातल्या 'एक्स्प्रेसो'ची ही सर्वांत जवळची नातेवाईक. चवीला गोड, दिसायला गोजिरी, करताना हात भरून येतात. एस्प्रेसो नव्हे, एवढेच.

कन्येने फिल्टरची कॉफी निमूटपणे घेतली, "छान आहे" म्हणाली आणि अर्धा पेला ठेवून गेली. मी ईर्षेस पेटलो. वाचनात आले की इटलीतही प्रत्येक घरी यंत्र नसते. तेथील स्वयंपाकघरांत असते ते 'मोका' नावाचे अष्टकोनी भांडे. अल्फोन्सो बियालेत्ती याने ते १९३३ मध्ये बाजारात आणले. त्यातील 'मोका' म्हणजे येमेनचे मोखा बंदर. ज्या येमेनमधून बाबा बुदान यांनी सात बिया आपल्या चिकमगळूरच्या डोंगरात आणल्याची कथा सांगतात, तेच हे येमेन. भांड्याची रचना सुबोध आहे. खालच्या कोठीत पाणी, मध्ये पुडीचे गाळणे, वर रिकामा कप्पा. पाणी तापले की कोठीत कोंडलेली हवा आणि वाफ त्याला वर रेटतात. ते पुडीतून जाऊन वरच्या कप्प्यात कॉफी होऊन उतरते. दाब यंत्राच्या नऊपटीच्या जवळपासही नाही. आपल्या कुकरच्या शिट्टीला लागतो साधारण तेवढाच. तेव्हा शास्त्रार्थाने ही एस्प्रेसो नव्हे. पण तिची सख्खी धाकटी बहीण आहे.

बेगम बाजारात भांड्यांच्या चार दुकानांत विचारले. एकाने फिल्टर दाखविला, एकाने चहाची किटली. पुढे सुट्टीच्या एका गुरुवारी जुमेरात बाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगात मला ते अष्टकोनी रूप दिसले. "ये क्या है?" असे मी उगीचच अनभिज्ञपणे विचारले. "विलायती लोटा है साब, दो सौ में ले जाव." दीडशेत सौदा झाला. विजयी वीरासारखा घरी आलो. सौभाग्यवतींनी ते चिंच लावून घासले. त्याने ॲल्युमिनियम अधिकच काळवंडले.

आता माझ्या चुका ऐका. भांड्याच्या जोडावरील रबरी रिंग वाळून तडकलेली होती; ती मी पाहिली आणि 'चालेल' म्हणालो. कोठीच्या बाजूला असलेला सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने बुजलेला होता. तो मी पाहिलाच नाही. घरात उरलेली चिकोरीमिश्रित पूड गाळण्यात भरली आणि दाब अधिक मिळावा म्हणून वाटीच्या बुडाने चांगली ठासली. खाली गॅस मोठा केला. जो मनुष्य तीस वर्षे मुलांना 'कृती वाचून मगच प्रयोग करा' असे सांगत आला, त्याने एकामागून एक चार प्रमाद केले.

सकाळचे आठ वाजले होते. कन्या खांद्याला पिशवी अडकवून दारात उभी होती. भांडे आधी घुमले, मग थरथरले आणि एकाएकी जोडातून तपकिरी फवारा सुटून समोरच्या भिंतीवर, दिनदर्शिकेवर आणि काही शिंतोडे तिच्या इस्त्रीच्या कपड्यांवर गेले. दैव बलवत्तर म्हणून कोणी पोळले नाही. सौभाग्यवतींनी गॅस बंद केला. मी म्हणालो, "जा, जा, कपडे बदल, ऑफिसला उशीर होईल."

ती हसू लागली. पिशवीसकट खाली फरशीवर बसली आणि हसतच राहिली. मग ते हसणे कोठे संपले आणि रडणे कोठे सुरू झाले ते आम्हां दोघांनाही कळले नाही. "कसला उशीर बाबा," ती म्हणाली, "पाच आठवडे झाले, मला नोकरीच नाही."

कंपनीने एका दिवसात बरीच माणसे कमी केली होती, त्यांत ती होती. आम्हांस सांगावे कसे, हे सुचेना. म्हणून रोज ठरलेल्या वेळी ती घर सोडी, अमीरपेटला गाडी बदलून नेहमीच्याच रस्त्याने जाई आणि त्या कॉफीगृहात कोपऱ्यात बसून अर्ज करी. सकाळच्या एका कॉफीवर दुपारपर्यंत कोणी उठवत नाही. तीन वाजता दुसरी घेतली की संध्याकाळपर्यंतची सोय होते. "तुम्ही हिशेब केलात तो कॉफीचा, बाबा. मी पैसे देत होते ते खुर्चीचे."

यावर मी काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही, कारण मी काहीच बोललो नाही. फडके घेऊन भिंत पुसू लागलो. डाग गेला नाहीच.

मोका मात्र सोडला नाही. तो जुना 'विलायती लोटा' भंगारात दिला. वाचकांनाही सांगणे, की हे भांडे जुने घेऊ नये; घेतलेच तर रिंग नवी बसवावी आणि व्हॉल्व्हची टोचणी हलते की नाही ते पाहावे. नवे देशी बनावटीचे, तीन लहान पेल्यांचे भांडे आम्हांस साडेनऊशेला मिळाले. घरी विजेची इंडक्शन शेगडी असेल तर साधे ॲल्युमिनियमचे चालत नाही, पोलादी घ्यावे लागते. गॅसवर कोणतेही चालते, मात्र लहान बुडाला जाळी ठेवावी लागते. पूड दळून देणाऱ्या दुकानात 'फिल्टरपेक्षा किंचित बारीक, शुद्ध, चिकोरी नको' एवढेच सांगावे, आणि एका वेळी पाव किलोहून अधिक आणू नये; शिळ्या पुडीचा सुगंध कितीही दाब दिला तरी परत येत नाही. आंध्रातील अरकूच्या डोंगरांत आदिवासी शेतकरी पिकवितात ती कॉफी आम्हांस आवडली. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

कोठीत आधीच तापविलेले पाणी व्हॉल्व्हच्या खालपर्यंत भरावे. थंड पाणी घातले तर ते तापेपर्यंत पूड भाजत राहते. तळ गरम झालेला असतो, म्हणून फडक्याने धरून भांडे घट्ट आवळावे. गाळणे काठोकाठ भरावे, बोटाने सपाट करावे, पण ठासू नये. हे मी भिंतीकडे पाहत लिहीत आहे. आच मंद ठेवावी व वरचे झाकण उघडे. कॉफी मधाच्या धारेसारखी येऊ लागते. ती फिकट होऊन भांडे गुरगुरू लागले की लगेच उतरवून तळ ओल्या फडक्यावर टेकवावा. गुरगुरणे संपेपर्यंत थांबणारा मनुष्य कडू काढा पितो. धुताना नुसते पाणी आणि हात. चिंच नाही, घासणी नाही.

फेसासाठी निराळे उपकरण विकत घेणार होतो. तेव्हा सौभाग्यवतींनी काही न बोलता ताकाची रवी पुढे केली. उभट तांब्यात साय काढलेले दूध घ्यावे, बोट क्षणभरच टेकविता येईल इतपत तापवावे, उकळू देऊ नये. आणि रवी पृष्ठभागाजवळ धरून मिनिटभर घुसळावे. तांब्या ओट्यावर दोनदा आपटला की मोठे बुडबुडे फुटतात आणि उरतो तो फेस लग्नाच्या पिंपाला लाजवील असा असतो. रवीला ताकाचा वास नको, एवढी काळजी घ्यावी. कॉफीसाठी आम्ही आता दुसरी ठेवली आहे.

हिशेबाची खोड जात नाही, म्हणून तोही देतो. आमची पूड पाव किलो २८० रुपयांना पडते. एका वेळी पंधरा ग्रॅम, म्हणजे सोळा वेळा होते. एका वेळेची पूड साडेसतरा रुपयांची, तीत दोघांची कॉफी. दूध व साखर धरून माणशी पंधरा-सोळा रुपये. वीसच्या आत म्हटले होते, ते खरे झाले. तीस मिलिलिटरवरची ती सोनेरी साय मात्र या भांड्यात मिळत नाही आणि मिळेल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

हा हिशेब कन्येला दाखविला तेव्हा तिने एक बाब सुटल्याचे सांगितले. "खुर्ची?"

माझे लिहिण्याचे टेबल खिडकीपाशी आहे. तेथून खाली फुलांची दुकाने दिसतात; मोठा बाजार गुडीमलकापूरला गेल्याला बरीच वर्षे झाली, तरी जामबागेत सकाळी अजून थोडा निशिगंधाचा वास असतो. त्या टेबलावरील वह्या, उत्तरपत्रिका आणि दोन शब्दकोश मी उचलले. आता पावणेदहाला ती तेथे बसते आणि तीन वाजता दुसरी कॉफी स्वतः करते. शेजारच्या कानडी आजी पहिल्या आठवड्यात विचारीत, "पोरगी घरीच?" सौभाग्यवती सांगत, "हो, नोकरी गेली, दुसरी शोधते आहे." पहिल्यांदा हे वाक्य म्हणताना तिचा आवाज कापला होता. आता आजीच तीनच्या सुमारास लोटा घेऊन येतात आणि तुमच्या त्या गुरगुऱ्या भांड्यातली थोडी द्या म्हणतात. चिकोरी नसल्याबद्दल तक्रारही करतात.

मुलाखती तीन झाल्या. दोन ठिकाणांहून नकार आला, तिसऱ्या ठिकाणाहून अद्याप काही कळलेले नाही. हे सदर मी स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहिले आहे, तेव्हा हस्ताक्षर बिघडले असल्यास संपादकांनी सांभाळून घ्यावे. तीन वाजत आले. पाणी तापत ठेवावयास हवे.